चित्रकाराची उपजीविका आणि नकलेचें भय



आपल्यापैकीं पुष्कळांच्या देवघरांत लक्ष्मीची किंवा सरस्वतीची एक तसबीर असेल. कमळावर उभी असलेली चतुर्भुज लक्ष्मी आणि मागें सोंडेंत माळ धरलेला हत्ती. अथवा खडकावर बसून वीणा वाजविणारी सरस्वती आणि शेजारीं मोर. या तसबिरीला आपण रोज फूल वाहतों, उदबत्ती ओवाळतों. परंतु ती मूळ कोणाच्या हातची, छापणाऱ्यानें तें चित्र कोठून घेतलें आणि चित्रकाराच्या पदरांत त्यापायीं काय पडलें, हे प्रश्न आपल्या मनांत सहसा येत नाहींत. चित्र देवाचें म्हणून आपण पाहतों. चित्रकाराचें म्हणून पाहत नाहीं. आज मला या न विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांविषयींच बोलावयाचें आहे.

मध्यंतरीं एक तरुण चित्रकर्त्री आपली अडचण घेऊन माझ्याकडे आली होती. पावसांत भिजलेल्या एका जुन्या वाड्याच्या चौकाचें तिनें जलरंगांत काढलेलें चित्र तिच्या संमतीवांचून कापडी पिशव्यांवर छापून बाजारांत विकलें जात होतें. खालची सही तेवढी कापून टाकली होती. तिला पैशाचें दुःख होतेंच. पण त्याहून मोठा प्रश्न तिनें विचारला. ती म्हणाली, "चित्र लोकांस दाखवावें तर तें उचललें जातें, आणि न दाखवावें तर तें विकलें जात नाहीं. मग मीं करावें तरी काय? चित्रें काढणेंच सोडून द्यावें काय?" त्या दिवशीं मीं तिला दिलेलें उत्तर तुटक होतें. आज तेंच थोडें नीट जुळवून आपणांपुढें ठेवतों.

प्रथम हें लक्षांत घेतलें पाहिजे कीं चित्र ही वस्तु इतर वस्तूंसारखी नाहीं. सुतारानें केलेला पाट कोणी चोरला तर पाट जातो आणि चोरी उघड दिसते. चित्राची नक्कल झाली तर मूळ चित्र जागच्या जागीं असतें. जातो तो त्यापासून पुढें मिळावयाचा लाभ. म्हणजे एका चित्रांत दोन मालमत्ता असतात. एक, कागद किंवा कापड, रंग आणि चौकट मिळून झालेली वस्तु. दुसरी, त्या वस्तूवरील आकृतीच्या प्रती काढण्याचा हक्क. पहिली एकाच भिंतीवर टांगतां येते. दुसरी हजार भिंतींवर जाऊं शकते. चित्रकाराच्या उपजीविकेचा इतिहास म्हणजे बव्हंशीं या दुसऱ्या मालमत्तेची जगास ओळख पटण्याचा इतिहास होय.

चित्रें छापतां येऊं लागलीं तेव्हांच हा तंटा सुरू झाला. जर्मनींतील न्यूरेंबर्ग शहरीं आल्ब्रेख्ट ड्यूरर (१४७१–१५२८) हा थोर चित्रकार राहत असे. श्रीमंतांकरितां एकेक रंगचित्र काढण्यांत जितका काळ जातो तितकें मोल पदरांत पडत नाहीं, हें त्यानें अनुभवानें जाणलें होतें. म्हणून लाकडावर व तांब्यावर कोरलेल्या चित्रांच्या छापील प्रती विकण्याकडे त्यानें विशेष लक्ष दिलें. त्याची पत्नी आग्नेस या प्रती फ्रँकफुर्टच्या जत्रेंत विकावयास नेत असे. प्रत्येक प्रतीवर ए आणि डी या दोन अक्षरांची त्याची खूण असे. इटलींतील मार्कांतोनिओ राइमोंदी या कुशल कोरक्यानें ड्यूररच्या एका चित्रमालेची त्या खुणेसकट नक्कल केली. व्हासारी या चरित्रकारानें लिहून ठेवलें आहे कीं, ड्यूररनें व्हेनिसच्या सरकाराकडे तक्रार नेली. तेव्हां त्याला एवढाच न्याय मिळाला कीं राइमोंदीनें ड्यूररची खूण वापरूं नये. चित्राची नक्कल करण्यास मात्र मनाई झाली नाहीं. पुढें १५११ सालीं ड्यूररनें आपल्या चित्रमालेच्या अखेरीस, दुसऱ्याच्या श्रमावर हात टाकणाऱ्या चोरांस उद्देशून, बादशहा माक्सिमिलिअन याच्या सनदेचा हवाला देऊन कडक इशारा छापला.

व्हासारीची ही हकीकत बोधप्रद आहे. सही चित्रकाराची, हें जगानें प्रथम मान्य केलें. आकृतिहि त्याचीच, हें मान्य व्हावयास आणखी सुमारें दोनशें वर्षें लागलीं.

तो मान मिळवून देणारा पुरुष म्हणजे लंडनचा विल्यम होगार्थ (१६९७–१७६४). १७३२ सालीं त्यानें सहा चित्रांची एक माला स्वतः कोरून एका संचास एक गिनी या दरानें वर्गणीदारांस विकली. हजाराहून अधिक संच खपले. परंतु लागलीच नकलकारांनीं हलक्या किंमतीच्या बनावट प्रती बाजारांत आणल्या आणि त्यांचाहि खप जोरांत झाला. होगार्थ नुसता संतापून बसला नाहीं. आपल्या सहव्यवसायी मित्रांसह त्यानें पार्लमेंटकडे अर्ज केला आणि कोरीव चित्रांस चवदा वर्षें संरक्षण देणारा कायदा करवून घेतला. तो कायदा २५ जून १७३५ रोजीं अमलांत यावयाचा होता. होगार्थची आठ चित्रांची दुसरी माला तयार होती. पण ती त्यानें मुद्दाम रोखून धरली आणि कायद्याचा अंमल सुरू झाला त्याच दिवशीं प्रसिद्ध केली.

तरीहि नकलकार गप्प बसले नाहींत. होगार्थच्या घरीं मांडलेलीं मूळ चित्रें पाहून यावयास त्यांनीं माणसें पाठविलीं आणि त्यांच्या आठवणीवरून ओबडधोबड प्रती करून आधींच विकल्या. यावर होगार्थनें जो उपाय केला तो शहाणपणाचा होता. मूळ संचाची किंमत दोन गिनी होती. ज्यांस ती परवडत नसे त्यांच्याकरितां त्यानें आपल्याच संमतीनें एका विक्रेत्याकडून लहान आकाराची, अडीच शिलिंगांची आवृत्ति काढविली. बनावट प्रत घेणारा प्रत्येक मनुष्य चोर नसतो. पुष्कळदां त्याच्या खिशाला परवडेल अशी खरी प्रत बाजारांत नसते, एवढेंच कारण असतें. हें होगार्थनें ओळखलें.

आतां आपल्या देशाकडे वळूं. राजा रविवर्मा यांचा जन्म १८४८ सालीं त्रावणकोरांतील किळिमानूर येथें झाला. १८७३ सालीं मद्रासच्या प्रदर्शनांत त्यांस सुवर्णपदक मिळालें आणि राजेरजवाड्यांकडून मागण्या येऊं लागल्या. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकरितां त्यांनीं रामायण, महाभारत व पुराणें यांतील प्रसंगांचीं चवदा चित्रें काढलीं. हा राजाश्रय मोठा होता. परंतु मागणी करणारे अनेक आणि हात दोनच. तेव्हां सर टी. माधवराव यांनीं त्यांस सुचविलें कीं, निवडक चित्रें युरोपांत पाठवून त्यांच्या तैलरंगी छापील प्रती काढवाव्या. त्यामुळें कीर्तीहि वाढेल आणि देशाचीहि सेवा घडेल. रविवर्म्यांनीं याच्याहि पुढें पाऊल टाकलें. १८९४ सालीं त्यांनीं मुंबईस स्वतःचाच छापखाना काढला, जर्मनींतून यंत्रें आणविलीं आणि जर्मन कारागीर नेमले. शकुंतलेच्या जन्माचें चित्र हें तेथील पहिल्या छापांपैकीं होय.

हा मार्ग महाराष्ट्रास अगदींच नवा नव्हता. पुण्याच्या चित्रशाळेनें १८७८ पासून देवादिकांचीं व ऐतिहासिक पुरुषांचीं शिळाछाप चित्रें काढून तो दाखविला होता. परंतु रविवर्म्यांच्या छापांनीं जें केलें तें विलक्षण होतें. जें चित्र पाहावयास पूर्वीं राजवाड्यांत प्रवेश मिळावा लागे, तें चाळींतील खोलींत येऊन बसलें. घरोघरच्या बायकांनीं त्या छापील लक्ष्मीला जरीचें लुगडें शिवलें, टिकल्या लावल्या, मोत्यांचे दागिने चिकटविले.

धंद्याच्या दृष्टीनें मात्र ही गोष्ट सुखाची झाली नाहीं. १८९६ पासून मुंबईस प्लेगनें ग्रासलें. छापखाना पुढें लोणावळ्याजवळ मळवली येथें हलवावा लागला. खर्च वाढला, व्यवहार जमेना, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं रविवर्म्यांनीं तो छापखाना फ्रित्स श्लायखर या आपल्याच जर्मन तंत्रज्ञास, चित्रांच्या प्रती काढण्याच्या परवानगीसह, विकून टाकला. पुढें हीं चित्रें जाहिरातींच्या कॅलेंडरांवर आलीं, वेष्टनांवर आलीं, आणि इतरांनीं तर त्यांच्या नकला कोणासहि न विचारतां केल्या. हिंदुस्थानांत तेव्हां जो १८४७ चा कायदा होता तो ग्रंथांकरितां होता. चित्रांस नीट संरक्षण मिळालें तें १९११ चा ब्रिटिश कायदा आणि त्यास धरून झालेला १९१४ चा हिंदी कायदा यांनीं. रविवर्मा १९०६ सालींच निवर्तले होते. देशांतील बहुधा सर्वांत अधिक नक्कल झालेला हा चित्रकार कायद्याचें छत्र येण्यापूर्वींच गेला.

आज स्थिति तशी नाहीं. १९५७ चा भारतीय कॉपीराइट कायदा २१ जानेवारी १९५८ पासून अमलांत आहे आणि त्यांत वेळोवेळीं सुधारणा झाल्या आहेत. त्यांतील कांहीं गोष्टी प्रत्येक चित्रकारानें, आणि ज्यांच्या घरांत चित्र काढणारें मूल आहे अशा प्रत्येक कुटुंबानें, जाणून ठेवण्याजोग्या आहेत.

पहिली गोष्ट अशी कीं, हा हक्क चित्र पुरें होतांच आपोआप उत्पन्न होतो. नोंदणी केली तर न्यायालयांत ती पुराव्यास उपयोगी पडते, परंतु ती सक्तीची नाहीं. चित्र उत्तम असलें पाहिजे अशीहि अट नाहीं. कलात्मक गुण असो वा नसो, रेखाटन स्वतःचें असलें म्हणजे पुरे, असें कायदा स्पष्ट म्हणतो. हा हक्क चित्रकाराच्या हयातींत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षें टिकतो. रविवर्म्यांचीं चित्रें आज सर्वांस मोकळीं आहेत. पण हयात असलेल्या चित्रकाराचें चित्र तुमच्या नातवंडांच्या काळापर्यंत त्याच्या वारसांचें राहील.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. चित्र विकलें म्हणजे प्रती काढण्याचा हक्क विकला असें होत नाहीं. प्रदर्शनांतून तुम्हीं एखादें चित्र विकत घेतलें तर तें भिंतीवर लावा, कोणास भेट द्या, पुन्हां विका. परंतु त्याच्या छापील प्रती काढून विकण्याचा अधिकार तुम्हांस मिळत नाहीं. तो हक्क द्यावयाचा झाल्यास लेखी व सहीनिशीं द्यावा लागतो. त्या लेखांत मुदत लिहिली नसेल तर ती पांच वर्षें धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. यावरून चित्रकारानें धडा घ्यावा तो हा कीं, कोणत्या कामाकरितां, किती प्रतींकरितां, किती काळाकरितां आणि किती मोबदल्यावर, हें साध्या भाषेंत एका कागदावर लिहून घेतल्यावांचून परवानगी देऊं नये. कागदाचा संकोच वाटणें हा आपल्याकडील चित्रकारांचा जुना दोष आहे.

येथें एक खांच आहे, ती विशेष ध्यानांत ठेवावी. तयार चित्र विकलें तर हक्क चित्रकाराकडे राहतो. परंतु कोणी मोबदला देऊन मुद्दाम चित्र किंवा तसबीर काढवून घेतली, तर उलट करार नसल्यास प्रथम स्वामी तो काढवून घेणारा ठरतो. नोकरींत असतांना नोकरीचें काम म्हणून काढलेल्या चित्राचा स्वामी, तसाच उलट करार नसेल तर, मालक असतो. म्हणून मागणीवरून काम घेतांना "प्रती काढण्याचा हक्क चित्रकाराकडे राहील" हें एक वाक्य आरंभींच लिहून घ्यावें. काम झाल्यावर तें लिहून मिळणें कठीण असतें.

तिसरी गोष्ट चित्रकाराच्या मानाची. प्रती काढण्याचा हक्क दुसऱ्यास दिला तरीहि, हें चित्र माझें आहे असें म्हणण्याचा आणि त्याची विटंबना थांबविण्याचा अधिकार चित्रकाराकडेच राहतो. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांनीं दिल्लीच्या विज्ञान भवनाकरितां ब्राँझचें एक भव्य भित्तिशिल्प केलें होतें. १९७९ सालीं तें त्यांस न कळवितां उतरविण्यांत आलें आणि त्याची मोडतोड झाली. वस्तु सरकारच्या मालकीची होती. तरी सेहगल न्यायालयांत गेले. २००५ सालीं दिल्ली उच्च न्यायालयानें त्यांच्या बाजूनें निकाल दिला, शिल्पाचे अवशेष त्यांस परत करावयास सांगितलें आणि पांच लाख रुपयांची भरपाई देवविली. जें ड्यूररला व्हेनिसमध्यें अर्धेंच मिळालें तें येथें पुरतें मिळालें.

कायद्याची ही तोंडओळख झाली. परंतु कायदा हातांत घेण्यापूर्वीं नक्कल कोणत्या जातीची आहे हें ओळखलें पाहिजे. सर्व नकला सारख्या नसतात. मी त्यांचे चार प्रकार मानतों.

पहिली शिकणाऱ्याची नक्कल. विद्यार्थी गुरूच्या चित्राची प्रत काढतो, जुन्या चित्रांवरून हात वळवितो. ही नक्कल हीच कलेची शाळा आहे. घरीं अभ्यासाकरितां केलेल्या अशा प्रतीवर कोणी रागावूं नये. मात्र विद्यार्थ्यानेंहि ती स्वतःचें स्वतंत्र चित्र म्हणून प्रदर्शनांत मांडूं नये.

दुसरी धाटणीची नक्कल. एखाद्यानें विषय तसाच घेतला, रंगांची योजना तशीच ठेवली, रेषेचें वळण उचललें, पण चित्र स्वतः रचलें. याला कायदा अडवीत नाहीं. कल्पनेवर आणि विषयावर कोणाची मालकी नसते, असते ती तिच्या प्रकट झालेल्या रूपावर, हें तत्त्व आपल्या सर्वोच्च न्यायालयानें १९७८ सालीं आर. जी. आनंद यांच्या नाटकाच्या खटल्यांत स्पष्ट केलें आहे. वाड्याच्या चौकांतील पाऊस कोणीहि काढावा. तिनें काढलेला तोच चौक, त्याच कोनांतून, त्याच छायांसह उचलूं नये. आतां तर संगणकास चार शब्द सांगितले कीं तो एखाद्याच्या धाटणीचें चित्र क्षणांत पुढें टाकतो. अशीं यंत्रें शिकविण्याकरितां चित्रकारांचीं चित्रें न विचारतां वापरावीं कीं काय, हा वाद अनेक देशांच्या न्यायालयांपुढें आलेला आहे.

या प्रकारांत एक नाजूक प्रश्न लोककलेचा आहे. ठाणें-पालघरकडील वारली स्त्रिया लग्नाच्या वेळीं गेरूनें सारविलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानें चौक लिहितात. ती परंपरा एका कोणाची नव्हे, समाजाची आहे. जिव्या सोमा म्हसे यांनीं ती कागदावर आणि कापडावर आणून जगापुढें नेली; त्यांस २०११ सालीं पद्मश्री मिळाली. आज पडद्यांवर, पेल्यांवर, भिंतींवर वारली आकृति दिसतात. पण त्यांतील पुष्कळ वारल्यांच्या हातच्या नसतात. म्हसे यांचें एखादें चित्र जसेंच्या तसें छापणें हा त्यांच्या हक्काचा भंग होय; परंतु त्रिकोणाचीं माणसें काढण्यास कोणी प्रतिबंध करूं शकत नाहीं. २०१४ सालीं वारली चित्रकलेस भौगोलिक मानांकन मिळालें, त्यानें त्या नांवाचें रक्षण होतें. बाकीचें रक्षण ग्राहकाच्या विवेकावर आहे.

तिसरी व्यापाराची नक्कल, म्हणजे तुमचेंच चित्र छापून विकणें. चवथी बनावट, म्हणजे दुसऱ्याच्या चित्रावर तुमची सही घालणें, अथवा तुमच्या चित्रावरची सही पुसून आपली घालणें. या दोहोंविरुद्ध मात्र उभें राहिलेंच पाहिजे.

तें कसें? माझी सूचना अशी कीं, रागाच्या भरांत चारचौघांत आरोप करण्यापूर्वीं पुरावा हातीं घ्यावा. नकलेची एक वस्तु पावतीसह विकत घ्यावी; आपलीं कच्चीं रेखाटनें, तारखा आणि प्रथम प्रसिद्धीची नोंद एकत्र करावी. नंतर विक्रेत्यास एक सभ्य पण स्पष्ट पत्र लिहावें. पुष्कळदां दुकानदारास आपण काय विकत आहों हें ठाऊकहि नसतें, आणि पत्रानेंच काम होतें. चित्र इंटरनेटवर कोणी टाकलें असेल तर तें जेथें ठेवलें आहे त्या चालकास लेखी तक्रार देतां येते. कायद्याप्रमाणें त्यानें २१ दिवस, किंवा तत्पूर्वीं न्यायालयाचा हुकूम आला तर तोंपर्यंत, तें लोकांस उपलब्ध करून देणें थांबवावयाचें असतें. एवढ्यानें न भागलें तर दावा आपण राहतों तेथील जिल्हा न्यायालयांतहि दाखल करतां येतो. परमुलुखास जावें लागत नाहीं. जाणूनबुजून केलेल्या भंगास सहा महिने ते तीन वर्षें कैद आणि ५० हजारांपासून दोन लाख रुपयांपर्यंत दंड अशी सामान्यतः शिक्षा सांगितली आहे. परंतु दाव्यास पैसा आणि त्याहूनहि अधिक वेळ लागतो. तो वेळ चित्रांतून जातो. कोणती नक्कल सोडून द्यावी हेंहि चित्रकारास कळलें पाहिजे.

आणखी एक सावधगिरी. आपलें चित्र कापडावर, भांड्यांवर, पिशव्यांवर स्वतः मोठ्या प्रमाणांत छापावयाचें असेल तर आधीं वकिलास विचारावें. नोंदणीयोग्य नमुना नोंदविला नाहीं आणि त्याच्या वस्तु यंत्रोद्योगानें पन्नासांहून अधिक निघाल्या, तर त्या नमुन्यावरील कॉपीराइट संपतो. अशा नमुन्यांची नोंदणी २००० च्या डिझाइन कायद्याखालीं निराळी होते आणि ती आधींच करावी लागते.

आतां उपजीविकेविषयीं. एकाच झऱ्यावर विसंबून राहिलेला चित्रकार त्या झऱ्याबरोबर आटतो. आपल्याकडील यशस्वी चित्रकारांचीं चरित्रें पाहा. रावबहादुर म. वि. धुरंधर यांनीं मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेंत एकेचाळीस वर्षें काढलीं. तेथील स्थिर वेतनाच्या आधारावर तसबिरी, ग्रंथांचीं चित्रें, छापील कार्डें असें विपुल काम त्यांनीं केलें. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगांवकर यांनीं मासिकांचीं मुखपृष्ठें व कॅलेंडरें यांतून मराठी घरांघरांत प्रवेश मिळविला; छापील प्रत हेंच त्यांचें प्रदर्शन होतें. दलालांनीं तर १९४५ सालीं "दीपावली" हें स्वतःचेंच मासिक काढलें. यांपैकीं कोणीहि केवळ मूळ चित्राच्या विक्रीवर अवलंबून राहिला नाहीं.

म्हणून नव्या चित्रकारानें उत्पन्नाचे तीन चार मार्ग आरंभापासूनच मोकळे ठेवावे. मूळ चित्रें थोडीं आणि योग्य किंमतीस विकावीं. त्यांच्याच मर्यादित प्रती, प्रत्येकीवर क्रमांक आणि सही घालून, मध्यम किंमतीस द्याव्या. ज्यांस तेंहि परवडत नाहीं त्यांच्याकरितां लहान, स्वस्त प्रती काढाव्या. होगार्थची अडीच शिलिंगांची आवृत्ति विसरूं नये. मागणीचीं कामें करारानें घ्यावीं, अर्धी रक्कम आगाऊ घ्यावी. शिकविण्यास कमीपणा मानूं नये. विकलेल्या प्रत्येक चित्राची वही ठेवावी: कोणास, केव्हां, किती किंमतीस. ही वही पुढें उपयोगी पडते. मूळ चित्र दहा हजार रुपयांहून अधिक किंमतीस पुन्हां विकलें गेलें तर त्या किंमतींत चित्रकाराचा किंवा त्याच्या वारसांचा, दहा टक्क्यांपर्यंतचा, वांटा असूं शकतो, असें आपला कायदा सांगतो. परंतु तो मागावयाचा तर मूळ विक्रीचा पुरावा हवा.

आणि चित्र लपवून ठेवूं नये. ज्याची नक्कल कोणी करीत नाहीं असा एकच चित्रकार निर्भय असतो, आणि तो म्हणजे ज्याचीं चित्रें कोणीं पाहिलींच नाहींत. सही ठळक पण चित्रांत मिसळलेली घालावी, कापून टाकतां येईल अशा कांठावर घालूं नये. इंटरनेटवर लहान आकाराची प्रत ठेवावी. आणि नांव लोकांच्या ओळखीचें करावें. ज्याच्या हाताची लोकांस ओळख आहे त्याची नक्कल लोकच पकडून देतात.

त्या चित्रकर्त्रीचें काय झालें, असें आपण विचाराल. तिनें पत्र लिहिलें. एका व्यापाऱ्यानें तें चित्र "कोठेंतरी फुकट मिळालें" असें सांगितलें, उरलेल्या पिशव्या विकणें बंद केलें आणि थोडी रक्कम दिली. दुसऱ्या व्यापाऱ्याचा पत्ता अखेरपर्यंत लागला नाहीं. तिचें नुकसान पुरें भरून निघालें असें मी म्हणणार नाहीं. परंतु त्याच चित्राच्या सहीच्या प्रती ती आतां स्वतः विकते, आणि वाड्यांची तिची मालिका पुढें चालू आहे.

शेवटीं एक विनंति आपणां गृहस्थ-गृहिणींस. लग्नपत्रिकेवर चित्र छापावयाचें असेल तर चित्रकारास विचारा. परिचित चित्रकाराकडे "एवढें एक सहज काढून द्या" असें म्हणतांना, त्याच्या घरींहि महिनाअखेर असते हें स्मरा. बाजारांत चित्राची वस्तु घेतांना खालीं सही आहे कीं नाहीं तें पाहा. आणि आज सायंकाळीं देवघरांत दिवा लावाल तेव्हां त्या तसबिरीच्या कोपऱ्याकडे एकदां दृष्टि टाका. तेथें नांव असेल तर वाचा. नसेल, तर तें कोणीं पुसलें असेल याचा क्षणभर विचार करा.